पिंगळ्याची पिल्ले टिपताना : नव्या छायाचित्रकारांसाठी मार्गदर्शन

मार्चच्या अखेरीस पुणे, सातारा, अहिल्यानगर या पठारी भागातल्या एखाद्या जुन्या चिंचेच्या किंवा आंब्याच्या ढोलीतून, ऊन उतरल्यावर, पिंगळ्याच्या, म्हणजे एका छोट्या घुबडाच्या, पिल्लांची दोन-तीन करडी डोकी एकमेकांना ढकलत बाहेर येऊ लागतात. ज्याने नुकताच लांब पल्ल्याचा लेन्स घेतला आहे, त्याला हे दृश्य हाका मारून बोलावते, आणि त्यामुळेच या पिल्लांपुढे सर्वांत जास्त चुका नवे छायाचित्रकार करतात. मी स्वतः त्या केल्या आहेत. म्हणून या लेखात कॅमेऱ्याच्या सेटिंगइतकाच भर पक्ष्याच्या वागण्यावर दिलेला आहे. माझ्या दृष्टीने कसोटी एकच आहे : तुम्ही तिथे बसलेले असताना आई-बाप भक्ष्य घेऊन नेहमीच्या क्रमाने पिल्लांकडे येत असतील, तर तुमची जागा बरोबर आहे, ते येत नसतील, तर कॅमेऱ्यात काहीही दिसत असले तरी तुमची जागा चुकलेली आहे.

कोणत्या घुबडापासून सुरुवात करावी

सुरुवात पिंगळ्यापासून करावी, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. साधारण 21 सेंटिमीटर लांबीचा, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला हा छोटा घुबड गावठाणात, शेताच्या बांधावर, शहरातल्या जुन्या बागांत आणि रस्त्याकडेच्या शिरीषावरही राहतो. माणसांची ये-जा त्याच्या रोजच्या सवयीची असते आणि सूर्य मावळण्याआधीच तो ढोलीबाहेर येऊन बसतो, त्यामुळे नैसर्गिक प्रकाशात त्याची छायाचित्रे मिळतात. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्यालाही याच पक्ष्याचे नाव मिळालेले असल्यामुळे खेड्यात कोणालाही विचारले, तरी तो कुठल्या झाडावर बोलतो हे चटकन कळते.

शृंगी घुबडाची पिल्ले मात्र पहिल्या काही वर्षांत टाळावीत. हा मोठा घुबड काटक्यांचे घरटे बांधत नाही. ओढ्याकाठची दरड, मुरमाची जुनी खाण किंवा टेकडीची कपार अशा ठिकाणी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. त्याचा विणीचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी तुमच्या चाहुलीने मादी उठून गेली, तर अंडी किंवा डोळे नुकतेच उघडलेली पिल्ले थेट उन्हात पडतात, आणि तुम्ही फोटो काढून परतल्यावरही मादीला परत यायला वेळ लागू शकतो. शिवाय पिल्ले उडू लागण्याच्या कितीतरी आधी पायांनी चालत घरट्याच्या जागेपासून दूर जाऊन झुडपांत दडून बसतात, त्यामुळे नवखा माणूस त्यांना पाहण्याआधीच त्यांच्या अगदी जवळ पोहोचलेला असतो. गव्हाणी घुबड पडक्या वाड्यांत, बुरुजांत, विहिरीच्या कपारींत पिल्ले वाढवतो. तिथला अंधार पाहून हात आपोआप फ्लॅशकडे जातो, म्हणून तोही सुरुवातीसाठी योग्य नाही.

आणि रानपिंगळा. 1884 नंतर या पक्ष्याची खात्रीशीर नोंद नव्हती. नोव्हेंबर 1997 मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. मेळघाटात आणि सातपुड्यात तो आहे. त्याच्या घरट्यापाशी छायाचित्रणासाठी हौशी माणसाने जाऊच नये, असे माझे मत आहे आणि त्यात मी सूट देणार नाही.

वेळ कोणती निवडावी

पिंगळ्याची अंडी साधारण जानेवारी ते मार्च या काळात असतात. अंडी उबवण्यास सुमारे एक महिना आणि पिल्ले बाहेर पडण्यास आणखी सुमारे एक महिना लागतो. या दोन महिन्यांपैकी पहिल्या दीड महिन्यात कॅमेरा घेऊन झाडाजवळ जाण्याचे काही कारण नाही, कारण त्या काळात बाहेर दिसण्यासारखे काही नसते आणि जोडी सर्वांत बुजरी असते. अंड्यांवर बसलेल्या मादीला वारंवार उठावे लागले, तर ती ढोलीच सोडून देण्याचा धोका असतो. पिल्ले ढोलीच्या तोंडाशी येऊ लागली, की तुमचा काळ सुरू होतो. आणि ती ढोली सोडून शेजारच्या फांद्यांवर बसू लागली, की सर्वांत चांगले आठ-दहा दिवस सुरू होतात. त्या दिवसांत ती अजून आई-बापांवर अवलंबून असतात, झाडापासून लांब जात नाहीत, आणि ढोलीच्या काळ्या भोकाऐवजी हिरवी पाने आणि मोकळे आकाश पार्श्वभूमीला मिळते.

दिवसातली वेळ म्हणाल, तर एप्रिलच्या आरंभी पुण्याच्या आसपास सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. पावणेसहाला जागेवर बसावे, म्हणजे पिल्ले बाहेर येईपर्यंत तुमची हालचाल पूर्ण थांबलेली असेल. सकाळी सूर्योदयानंतरचा अर्धा तासही चांगला असतो, पण त्या वेळी पिल्ले पोट भरून पेंगत असतात आणि हालचाल कमी मिळते. पक्षी दिवसा झोपेत असताना त्याला जागे करण्यासाठी खडा मारणे, झाड ठोकणे किंवा तोंडाने आवाज काढणे हे प्रकार अजूनही दिसतात. भर दिवसा उडालेल्या घुबडामागे कावळे, कोतवाल, साळुंक्या लागतात आणि नुकते उडायला शिकलेले पिल्लू त्या गोंगाटात जमिनीवर येते.

झाड शोधणे

ढोलीचे झाड शोधण्यासाठी कॅमेरा नेऊ नये. दुर्बीण आणि वही पुरेशी आहे. झाडाखाली खोडावर आणि पानांवर पडलेले पांढऱ्या विष्ठेचे ओघळ ही पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे घुबडाने उगळलेल्या करड्या गोळ्या. पिंगळ्याच्या गोळीत भुंगेऱ्यांच्या पंखांची चमकणारी कवचे, केस आणि उंदराची बारीक हाडे सापडतात. तिसरी खूण कानाची : दिवेलागणीला होणारा कर्कश किरकिराट जोडीचा असतो, आणि ढोलीतून सतत येणारा घशातल्या खरखरीसारखा दबका आवाज भुकेल्या पिल्लांचा असतो. हा आवाज एकदा ओळखीचा झाला, की तुम्ही रस्त्याने जाताना नुसत्या कानाने झाडे ओळखू लागता.

झाड सापडल्यावर दोन संध्याकाळी फक्त बघण्यात घालवाव्यात. नर कोणत्या बाजूने येतो, भक्ष्य आणल्यावर ढोलीत जाण्याआधी कोणत्या फांदीवर थांबतो, दोन फेऱ्यांमध्ये किती मिनिटे जातात, सूर्य कोणत्या बाजूला उतरतो, जवळ रस्त्यावरचा दिवा लागतो का, हे वहीत लिहावे. या दोन संध्याकाळींचा कंटाळा करणारे बहुतेक जण पुढे महिनाभर चुकीच्या बाजूला बसून फोटो काढतात. झाड शेतात असेल, तर आधी शेतमालकाला भेटावे आणि काय करणार आहोत हे नीट सांगावे. काही घरांत पिंगळ्याचे बोलणे अशुभ मानतात. त्यांच्याशी वाद न घालता हा पक्षी उंदीर आणि भुंगेरे खातो एवढे सांगितले आणि पुढच्या फेरीत पिल्लांच्या फोटोची एक छापील प्रत दिली, तर त्या झाडाला राखणदार मिळतो. मला असे दोन राखणदार मिळालेले आहेत, आणि ढोलीचे झाड तोडायचे ठरले तेव्हा त्यातल्या एकाने ते थांबवले.

अंतर

पिंगळ्यासाठी किमान 15 ते 20 मीटर अंतर ठेवावे. हे अंतर कमी वाटत असेल, तर थोडा हिशेब करून पाहावा. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 400 मिलिमीटरचा लेन्स लावला, तर 20 मीटरवर आडव्या चौकटीची उंची सुमारे 80 सेंटिमीटर भरते, म्हणजे पिंगळा चौकटीचा साधारण चौथा हिस्सा व्यापतो. 600 मिलिमीटरवर तो चौकटीच्या दोन-पंचमांशापर्यंत जातो. तीन पिल्ले एका फांदीवर ओळीने बसली असतील, तर याहून फार जवळ गेल्यास ती चौकटीत नीट मावणारही नाहीत. पहिल्या दिवशी 30 मीटरवर बसावे, दुसऱ्या दिवशी 25 वर यावे, आणि प्रत्येक टप्प्यावर आई-बापांची एक पूर्ण फेरी झालेली पाहूनच पुढे सरकावे. ढोलीच्या थेट समोर बसू नये; थोडे बाजूला, झाडाच्या किंवा बांधाच्या आडोशाला, खाली बसावे. उभा माणूस पक्ष्याला फार मोठा दिसतो. तुमची गाडी झाडासमोरच्या रस्त्यावर उभी राहू शकत असेल, तर गाडीतूनच फोटो काढावेत. गाडीच्या खिडकीवर ठेवलेली तांदळाची किंवा मक्याच्या दाण्यांची पिशवी उत्तम आधार देते आणि पक्षी गाडीला माणसापेक्षा कमी घाबरतात.

माझी मोठी चूक अंतराचीच होती. सुरुवातीच्या वर्षात एका आंब्यासमोर मी आठ मीटरवर ट्रायपॉड लावला. दोन पिल्ले ढोलीच्या तोंडाशी होती, डोळे मोठे करून थेट लेन्समध्ये पाहत होती आणि मला वाटले, किती सुंदर बघताहेत. नर पंधरा मिनिटांनी चोचीत सरडा घेऊन आला, पलीकडच्या वायरीवर बसला आणि तसाच बसून राहिला. मी फोटो काढत होतो. चाळीस मिनिटे तो तिथेच होता. मग अंधार झाला आणि मी सामान आवरले. रस्त्यापर्यंत पोहोचण्याआधी मागून पिल्लांचा खरखराट वाढलेला ऐकू आला, म्हणजे मी हललो तेव्हाच तो ढोलीत गेला होता. त्या चाळीस मिनिटांत सहसा चार-पाच फेऱ्या होतात. त्या संध्याकाळचे फोटो तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ आहेत, पण त्यांतली प्रत्येक नजर घाबरलेली आहे, हे मला कित्येक महिन्यांनी समजले.

पक्षी काय सांगत असतो

घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत; त्यामुळे अंतराचा अंदाज घेण्यासाठी ते डोके वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवते. पिल्ले हे सतत करतात आणि ते पाहायला मोठे गमतीचे असते. ती पतंगाकडे, वाळलेल्या पानाकडे, भावंडाकडे बघून असे करत असतील, तर सर्व ठीक आहे. ती तुमच्याकडेच बघून बराच वेळ असे करत राहिली, तर तुम्ही त्यांच्या जगातली सर्वांत मोठी गोष्ट झालेला आहात आणि पाच-दहा मीटर मागे जायला हवे. अंग आवळून, उंच आणि बारीक होऊन, डोळे फटीएवढे करून बसलेले घुबड शांत झोपलेले नसते. ते खोडाचा भाग असल्याचे भासवण्याचा प्रयत्न करत असते. चोच वाजवणे, फुत्कारणे, पंख पसरून पुढे झुकणे ही उघड धमकी आहे, आणि अशा पंख पसरलेल्या पिल्लाचा फोटो कितीही आकर्षक वाटला, तरी तो काढण्यासाठी थांबू नये. याउलट पिसे साफ करणे, एक पाय वर घेऊन बसणे, एकमेकांच्या डोक्याची पिसे खाजवणे, पंख ताणणे, जांभई देणे ही निश्चिंतपणाची लक्षणे आहेत. चांगले फोटो याच कृतींचे असतात, म्हणून वाट पाहणे हा सौजन्याचा भाग असण्यासोबत कामाचाही भाग आहे.

कॅमेरा आणि सेटिंग

साहित्याबद्दल थोडक्यात. 400 मिलिमीटरपर्यंत पोहोचणारा कोणताही लेन्स चालतो. 100-400, 150-600 किंवा 200-500 हे झूम लेन्स हौशी मंडळींत प्रचलित आहेत, आणि बजेट कमी असेल तर निकॉनच्या पी 950 सारख्या मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यानेही उजेड असेपर्यंत समाधानकारक काम होते. ट्रायपॉड हवाच, कारण खरा प्रकाश संपत आल्यावर मिळतो. कपडे मातकट रंगाचे असावेत.

घरातून निघण्यापूर्वी तीन गोष्टी बंद कराव्यात : फोकसचा बीप आवाज, फोकसला मदत करणारा लाल किंवा पांढरा दिवा, आणि फ्लॅश. घुबडाचे डोळे अंधुक प्रकाशासाठी घडलेले असतात. फ्लॅशच्या लखलखाटानंतर आई-बापांना काही काळ नीट दिसत नसेल, तर त्यांची शिकार आणि ढोलीकडे परतणे दोन्ही धोक्यात येते. टॉर्चचा झोत पिल्लांवर धरून फोकस करणे हेही त्याच प्रकारात मोडते. अंधार झाला, की त्या दिवसाचे काम संपले असे मानावे. मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर निवडले तर काहीच आवाज होत नाही. डोके झटकन फिरवणाऱ्या पिल्लाचा आकार त्यात क्वचित वाकडा येतो, पण बसलेल्या पक्ष्यासाठी तो उत्तम पर्याय आहे.

सुरुवातीला अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोडवर (छिद्र तुम्ही ठरवता, शटरची गती कॅमेरा), लेन्सचे सर्वांत मोठे छिद्र (एफ 5.6 किंवा 6.3), ऑटो आयएसओ (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) आणि शटरची किमान गती 1/250 सेकंद एवढे लावून बसावे. डोके हलवणाऱ्या किंवा पंख ताणणाऱ्या पिल्लासाठी गती 1/800 पर्यंत न्यावी; भक्ष्य घेऊन येणाऱ्या नराची झेप टिपायची असेल, तर 1/1600 तरी हवी आणि ते सायंकाळी सहाच्या आतच शक्य होते. प्रकाश कमी होऊ लागला, की उलट करावे : ट्रायपॉडवर 1/60 पर्यंत खाली यावे, दोन हालचालींमधला स्थिर क्षण पाहून तीन-चार फोटोंची छोटी मालिका घ्यावी. त्यातला एक धारदार निघतो. आयएसओ 3200 किंवा 6400 ला घाबरू नये. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधला दाणा नंतर कमी करता येतो, हललेला फोटो मात्र सुधारता येत नाही.

एक्स्पोजरच्या बाबतीत ढोली फसवते. चौकटीचा बराच भाग ढोलीच्या काळोखाने आणि गडद सालीने व्यापलेला असला, की कॅमेरा सगळे उजळ करतो आणि पिल्लाच्या चेहऱ्यावरची पांढरी पिसे जळून जातात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करण्याची सोय) उणे 0.7 च्या आसपास ठेवावे. पिल्ले फांदीवर येऊन मागे उजळ आकाश आले, की तेच अधिक 1 पर्यंत न्यावे, नाहीतर पिल्लू काळी सावली होऊन बसते. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर. पक्ष्यांचा डोळा ओळखणारी यंत्रणा घुबडांवर सहसा चांगली चालते, मात्र पुढे एखादी काटकी आली तर ती काटकीला पकडते, तेव्हा एकाच बिंदूच्या फोकसवर यावे. 20 मीटरवर 400 मिलिमीटर आणि एफ 5.6 ला सुमारे अर्धा मीटर खोली स्पष्ट मिळते, म्हणून ओळीने बसलेली भावंडे सगळी स्पष्ट येण्यासाठी छिद्र लहान करण्याची गरज बहुधा पडत नाही.

चौकटीत काय घ्यावे

नवखा माणूस चेहरा मोठा करण्याच्या मागे लागतो. मला विचाराल, तर पिंगळ्याच्या पिल्लांचा फोटो त्यांच्या झाडासकट असावा : चिंचेची भेगाळलेली साल, ढोलीचा गुळगुळीत झालेला काठ, मागे नांगरलेले शेत. खालून वर काढलेला फोटो पोट आणि आकाश एवढेच दाखवतो. म्हणून शेजारी बांध, ताल, गच्ची किंवा चढ असेल तर तिथून, पिल्लांच्या पातळीच्या जवळून पाहावे, त्यासाठी अंतर दुप्पट झाले तरी हरकत नाही. दोन्ही आई-बापांच्या येण्याची फांदी तुम्ही वहीत लिहिलेली आहेच; त्या फांदीवर आधीच फोकस करून ठेवले, तर भक्ष्य देण्याचा क्षण हातचा जात नाही. समोर पान किंवा फांदी आड येत असेल, तर स्वतः हलावे. ती फांदी तोडू नये, बांधूही नये. ढोलीपुढची पाने पिल्लांना उन्हापासून, कावळ्यांपासून आणि शिक्ऱ्याच्या नजरेपासून झाकत असतात, आणि तुम्ही ती काढलीत तर तुमच्यानंतरही ती जागा उघडीच राहते.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नये. पिल्ले असलेल्या जोडीला तो आवाज म्हणजे हद्दीत शिरलेला परका पिंगळा वाटतो आणि ती पिल्लांना भरवणे सोडून त्याच्या शोधात फिरते. उंदीर बांधून आमिष दाखवण्याच्या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणे आणि पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे यांचाही समावेश आहे. अभयारण्याच्या हद्दीत छायाचित्रणासाठी वनविभागाची परवानगी लागते.

जमिनीवर पिल्लू दिसले तर

एप्रिल-मे महिन्यांत हा प्रसंग तुमच्यावर नक्की येईल. जमिनीवर बसलेले पिल्लू बहुतेक वेळा अनाथ नसते. ढोली सोडताना त्याची उडी चुकलेली असते आणि आई-बाप जवळच असतात. घुबडाची पिल्ले नखे आणि चोच वापरून तिरप्या खोडावर चढूही शकतात. कॅमेरा बाजूला ठेवावा, कुत्री-मांजरे हाकलावीत आणि लांबून पाहावे. ते रस्त्यावर किंवा उघड्यावर असेल, तर सुती कापडात हलकेच धरून त्याच झाडाच्या किंवा शेजारच्या झुडपाच्या फांदीवर ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप त्याला टाकून देत नाहीत. पाणी किंवा दूध पाजू नये, घरी नेऊ नये. पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल किंवा डोळे अर्धवट मिटून ते कलंडत असेल, तर खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

घरी आल्यावर

फोनवर काढलेल्या फोटोंत बहुधा आणि काही कॅमेऱ्यांच्या फाइलमध्येही जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात; ही नोंद निघण्यापूर्वीच बंद करावी आणि समाजमाध्यमांवर टाकताना जिल्ह्यापलीकडे जागा सांगू नये. झाड, मंदिर, मैलाचा दगड ओळखू येईल अशी चौकटही पिल्ले उडून जाईपर्यंत दाखवू नये. यामागे दोन कारणे आहेत. एक, पत्ता फुटला की पुढच्या रविवारी त्या झाडाखाली दहा-बारा ट्रायपॉड उभे राहतात आणि एकट्याने पाळलेले 20 मीटर गर्दीत कोणीच पाळत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे : तंत्रमंत्रासाठी घुबडे पकडण्याचा आणि विकण्याचा धंदा आपल्या देशात अजून चालतो आणि दिवाळीच्या तोंडावर त्याला जोर येतो. एप्रिलमध्ये उघड केलेली ढोली ऑक्टोबरमध्येही तिथेच असते.

वहीतली नोंद मात्र पूर्ण करावी. तारीख, बसण्याचे अंतर, फेऱ्यांच्या वेळा, आणलेले भक्ष्य, पिल्लांची संख्या, पहिल्यांदा फांदीवर आल्याचा दिवस, हे सगळे त्याच रात्री लिहून ठेवावे. पिंगळ्याची जोडी वर्षानुवर्षे एकाच ढोलीत राहते, त्यामुळे पुढच्या वर्षी कोणत्या आठवड्यात सुट्टी काढायची आणि कोणत्या बांधामागे बसायचे, हे या वहीवरूनच ठरते.